झेंडे काढणारी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे गाडीत बसून चहा प्यालो. इथं ओमानात, सोहारच्या सिमेटरीपासून थोडं पुढं एका केरळवाल्याचं करक, म्हणजे कडक दुधाळ चहाचं दुकान आहे. हॉर्न मारला की तो स्वतः कागदी कप घेऊन गाडीपाशी येतो. त्या दिवशी इथला राष्ट्रीय दिवस होता. बायकोनं सकाळी एकोणीस कबरींवर एकोणीस झेंडे लावले होते आणि मी मागून काठ्यांची पिशवी धरून फिरलो होतो. चहात साखर कमी आहे म्हणून ती केरळवाल्याला बोलली. गाडी उन्हात लावली, सीट तापली, म्हणून मला बोलली. मग गुडघ्यावरची माती झटकून म्हणाली, "चारला उठवा मला. काढायचेत."

मी म्हटलं, "आजवर विसरलोय?"

"विसरत नाय तुम्ही. झोपता."

घरी येऊन जेवली, पडली. चार वाजता उठवायला गेलो तर ती उठली नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण गोष्ट रंगवत न्यायची मला येत नाही. मी चौथी शिकलेला. सगळं आयुष्य गाड्यांच्या वायरी जोडण्यात गेलं. मुलगी वसईला असते, ती म्हणाली, बाबा, आईचं लिहून ठेवा, नाहीतर मी माझ्या पोरांना काय सांगू. म्हणून लिहितो. तिला देवीबिवी करणार नाही. बाई विक्षिप्त होती. हट्टी होती, तोंडाची तिखट होती. पण हातात घेतलेलं काम तिच्यासारखं शेवटाला नेणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही, आणि मी पुष्कळ माणसं बघितलीत.

ती शिवणकाम करायची. बाजारातल्या एका टेलरिंगच्या दुकानात, बायकांच्या भागात, पडद्यामागं. गळ्यात टेप असायची, पण टेप नावाला. मापं सगळी हातानं. चार बोटं, वीत, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. गिऱ्हाईक म्हणायचं, टेपनं मोजा ना. ती म्हणायची, "टेप ताणता येते. हात कुठं ताणणार?" आणि कपडा अंगात बरोबर बसायचा, मग गिऱ्हाईक गप.

झेंडे ती इस्त्री करायची. माझे शर्ट नाही. चाळीस वर्षांत माझ्या शर्टाला तिनं इस्त्री लावल्याचं मला आठवत नाही. एकदा मी बोललो तर म्हणाली, "तुम्ही गाडीखाली झोपणार. इस्त्री कुणाला दाखवायचीय, इंजिनाला?"

दुकानाचा मालक इथलाच, ओमानी. आम्ही त्याला अर्बाब म्हणतो, इथं मालकाला तसंच म्हणतात. तो तिला 'मास्टर' म्हणायचा, शिवणाऱ्याला म्हणतात तसं. बाई असली म्हणून काय झालं. आमचं त्याच्याशी बोलणं अर्धं हिंदी, अर्धं अरबी. तो माझ्याच वयाचा, डाव्या पायानं लंगडा. तरुणपणी तो फौजेत ड्रायव्हर होता. दक्षिणेत डोंगरात लढाई झाली होती तेव्हाचा. ती लढाई बाहेरच्यांशी नव्हती, इथल्याच लोकांची एकमेकांशी होती. अर्बाब तिला 'घर का झगडा' म्हणायचा. त्याच्या ट्रकमध्ये बसलेल्या शिपायांचे भाऊ कधी कधी समोरच्या डोंगरावर असायचे. ह्यापुढं तो सांगायचा नाही. एवढं मात्र पुष्कळदा सांगायचा, की रात्री ट्रक चालवायचा तो बत्ती बंद करून. "बत्ती दिखा, गोली आया. आगे एक आदमी सफेद कपडा लेके चलता, उसको देखके गाडी." असं सांगताना हात स्टिअरिंगवर असल्यासारखे धरायचा.

आता सिमेटरीचं. तिथं ती मुळात झेंड्यांसाठी जात नव्हती. आमचा पहिला मुलगा तिथं आहे. नऊ दिवस जगला. तेव्हा आमच्याकडं त्याला घेऊन गावी जायला ना कागद होते, ना कुणाची ओळख. फादर म्हणाले, परदेशी लोकांची दफनभूमी आहे, समुद्राच्या अंगाला, तिथं जागा मिळेल. मी एकटाच गेलो होतो, ती हॉस्पिटलात होती. नंतर ती दर महिन्याला जायला लागली. बसायची, गवताची काडी दिसली तर उपटायची. बसून बसून तिनं आजूबाजूची माणसं ओळखीची करून घेतली. मेलेली माणसं म्हणतोय मी.

तिथं त्या लढाईतली अकरा माणसं आहेत. फौजेच्या नोकरीला बाहेरून आलेली, सगळी ख्रिस्ती. गोरे साहेब आहेत, एक गोव्याचा बँडवाला आहे, एक केरळचा कंपाउंडर, एक पंजाबी ड्रायव्हर. काही लढाईत गेले, काही पुढं नोकरी करत म्हातारे होऊन इथंच गेले. काहींच्या बाजूला बायका आहेत. तीन लहान पोरं आहेत, तापानं गेलेली. हे सगळं आम्हाला अर्बाबनं सांगितलं, कारण दगडावरचं इंग्रजी आम्हाला अडखळत वाचता यायचं आणि अर्ध्या दगडांवरची अक्षरं खाऱ्या वाऱ्यानं गेली होती. पण सुरुवातीला हे काही माहीत नसतानाच तिनं त्यांना नावं ठेवली होती. एक चष्मेवाला, कारण दगडावर गोल डाग होते. एक वाकडा, कारण दगड कलला होता. आल्या आल्या त्यांच्याशी बोलायची. "काय रे वाकड्या, सरळ नाय झालास अजून." गोरा कॅप्टन आहे तो, मेला असला तरी. मला ओशाळवाणं व्हायचं.

दरवर्षी थंडीत काही परदेशी म्हातारे गाड्या करून यायचे. फौजेतल्या कबरींवर कागदाचे लहान झेंडे खोचायचे, टोप्या काढून उभे राहायचे, फोटो काढायचे आणि जायचे. आठ दिवसांत ते कागद फाटायचे आणि वाऱ्यानं उडून भिंतीजवळच्या बाभळीच्या काट्यांत अडकायचे. ही ते वेचायची. हात ओरबाडून घ्यायची. घरी येऊन बोटांना हळद लावता लावता चिडायची. "लावायला सगळे येतात. काढायला कोण येतो?"

मग ते म्हातारे यायचे बंद झाले. स्वतःच कुठंतरी गेले असतील. एक थंडी तशीच गेली, कबरींवर काही नाही. मला वाटलं बरं झालं, हिचे हात सुटले. पण ही आठवडाभर नीट जेवली नाही. नंतर कळलं की दुकानात राष्ट्रीय दिवसाच्या ऑर्डरी आल्या होत्या, ढिगानं झेंडे शिवायचे होते, आणि उरलेल्या लाल, पांढऱ्या, हिरव्या तुकड्यांकडं ही बघत होती. तिनं अर्बाबला विचारलं, हे तुकडे मी घेऊ का. त्यानं विचारलं कशाला. तिनं सांगितलं. त्यानं एक तुकडा उचलून हातात फिरवला. मग म्हणाला, "हमारे में कबर पे झंडा नहीं. पत्थर. आदमी को दो पत्थर, औरत को तीन."

"बाईला तीन का?" हिनं विचारलं.

"मालूम नहीं. पहले से ऐसा."

"मला मालूम हाय," ही म्हणाली. "एक तिचा, एक नवऱ्याचा, एक पोरांचा. मेल्यावर पण बाईनंच वाहायचं."

अर्बाब हसला नाही. त्यानं तुकडे दिले, आणि झेंड्यावरचं सरकारी चिन्ह छापलेल्या लाल पट्ट्याही दिल्या. आणि एका शुक्रवारी गाडी काढून आमच्याबरोबर सिमेटरीत आला. एकेका दगडापुढं उभा राहून कोण कोण ते सांगितलं. बँडवाल्यापाशी थांबला आणि म्हणाला, ह्याला मी गाडीतून आणला होता. एवढंच.

झेंडा तिनं कोपर ते बोट एवढा लांब केला. काठी खजुराच्या झावळीची, तासून, तेल पाजून, मग स्वतःच्या गालावर फिरवून बघायची. गालाला टोचली तर पुन्हा तासायची. सगळ्यांना झेंडा एकाच मापाचा. कॅप्टन असो की कंपाउंडर. एका वर्षी एक परदेशी साहेब आला होता, बहुतेक कॅप्टनचा पुतण्या. त्याला वाटलं, काकाला जरा मोठा झेंडा असावा. कापडाचे पैसे देतो म्हणाला. ही त्याला माझ्याकडून सांगते, "ह्यांना म्हणावं, माझा हात एवढाच हाय."

आणि बायकांनाही झेंडा, पोरांनाही झेंडा. ते परदेशी म्हातारे फक्त पुरुषांना लावायचे. हिनं पहिल्याच वर्षी अकरा अधिक बायका, अधिक तीन पोरं अशी काठ्यांची मोजदाद केली. मी म्हटलं, बायका कुठं लढायला गेल्या होत्या. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पिशवी उचलून पुढं चालायला लागलो.

पण ह्याच्या उलट बाजूनं ती जी कडक होती ती माझ्या आजही पचनी पडलेली नाही. पहिल्या वर्षी सगळे झेंडे लावून झाले आणि पिशवीत एक उरला. वाऱ्यानं एखादा फाटला तर असावा म्हणून ती एक जास्तीचा करायची. मी तो घेऊन आमच्या पोराच्या कबरीकडं निघालो. तिनं मागून हाक मारली. "कुठं?"

"आपल्याला पण लावतो एक."

"ठेवा तो पिशवीत."

"अगं, तुझाच पोरगा ना?"

"माझा हाय म्हणूनच. तो लढाईतला नाय, लढाईतल्या घरचा नाय. आज त्याला लावला, तर उद्या कुणी विचारलं हा झेंडा कशाचा, तर बाकीच्या सगळ्यांचा पण खोटा होईल."

मी खूप बोललो तिला तेव्हा. नको ते बोललो. आई आहेस की कारकून आहेस, असंही बोललो. तिनं पोराच्या कबरीवरची वाळू हातानं सारखी केली आणि गाडीत जाऊन बसली. आठ दिवस आमचं बोलणं नव्हतं. आज ती त्याच्याच शेजारी आहे. गावी नेऊ नका, त्याच्याजवळ ठेवा, हे तिनं मुलीला कधीच सांगून ठेवलं होतं. तिच्या कबरीवर कुर्स, म्हणजे क्रूस आहे, आणि अर्बाबनं इथल्या वाडीतून, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रातून, निवडून आणलेले तीन दगड आहेत. झेंडा नाही. लोक विचारतात, तिनं इतकी वर्षं लावले, तिला का नाही. मी सांगतो, तिलाच विचारा.

पहिल्याच वर्षी आणखी एक भानगड झाली. झेंडे लावून ते तिनं दोन दिवस राहू दिले, लोकांना दिसावेत म्हणून. तिसऱ्या दिवशी सरकारी कचेरीतून बोलावणं आलं.  मला वाटलं आता व्हिसा गेला. कचेरीत एक तरुण ओमानी साहेब होता, अंगात पांढराशुभ्र पायघोळ डिशडाशा, बोलायला मऊ. अर्बाब मध्ये बसून समजावून देत होता. साहेब म्हणाला, ह्या आईनं चांगलं काम केलं. पण झेंडा म्हणजे झेंडा. मातीला लागायला नको, फाटका नको, आणि सूर्य बुडायच्या आत उतरवायचा. ठेवायचाच असेल तर त्याच्यावर उजेड पाहिजे. अंधारात झेंडा एकटा ठेवायचा नाही.

ही म्हणाली, "तिथं वीज कुठाय? त्यापेक्षा काढते."

"दरवर्षी?"

"जिवंत असेपर्यंत. जबान देते." आणि तिनं टेबलावर हात ठेवला, पालथा, जसा कापडावर माप घ्यायला ठेवायची. त्या साहेबाला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण त्यानं तोंडी परवानगी दिली. तिच्या शब्दावर दिली. कागद काही नाही. बाहेर आल्यावर अर्बाब तिला म्हणाला, मास्टर, एक रात्र चुकली की खलास. ती म्हणाली, चुकणार नाही.

तेव्हापासून तिनं नियम केला, की ज्या हातानं लावला त्याच हातानं काढायचा. लावताना ती आणि मी, काढताना ती आणि मी. तिसऱ्या कुणी हात लावायचा नाही. का, विचारलं तर म्हणायची, दहा हात लागले की कुणाचीच जबाबदारी राहत नाय. एका वर्षी दुपारी वाळूचं वादळ सुटलं. तिथला राखणदार, बिचारा बांगलादेशी म्हातारा, त्यानं धावत जाऊन सगळे झेंडे उपटून आपल्या खोलीत आणून ठेवले. आम्ही चारला पोचलो तर तो अभिमानानं दारात उभा. हिनं त्याचे आभार मानले, त्याला पाणी दिलं, आणि मग माझ्याकडून एकोणीसच्या एकोणीस काठ्या त्या वादळात परत जागच्या जागी लावायला लावल्या. मग आम्ही दोघांनी त्या काढल्या. डोळ्यांत वाळू, तोंडात वाळू. राखणदार मला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "भाभी की तबीयत ठीक है ना?"

आता तिची चूकही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल नवरा कौतुकच करतो.

आधी झेंडे एकोणीस नव्हते. वीस होते. एका मोठ्या दगडावर दोन नावं होती, नवऱ्याचं आणि बायकोचं. नवरा फौजेतला, अर्बाबच्या ओळखीचा. हिनं दोघांना झेंडे लावले. चार वर्षं लावत होती. पाचव्या वर्षी सकाळी आम्ही काठ्या लावत होतो तर फाटकाशी एक टॅक्सी थांबली. एक गोरी म्हातारी उतरली, ऐंशीच्या पुढची, हातात काठी, डोक्यावर टोपी. हळूहळू त्या मोठ्या दगडापाशी आली. उभी राहिली. मग तिथल्या दोन झेंड्यांकडं बघून हसायला लागली. इतकी हसली की मी पाण्याची बाटली घेऊन धावलो.

तिला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. ती म्हणाली, "ये कौन लगाया?"

हिनं छाती काढून सांगितलं, मी.

म्हातारीनं काठीनं दगडावरचं दुसरं नाव दाखवलं. "ये मैं है."

झालं असं होतं, की नवरा गेला तेव्हाच तिनं स्वतःचं नावही कोरून ठेवलं होतं, पुढं त्रास नको म्हणून. जन्माचं साल होतं, मरणाचं नव्हतं. आमच्यासारख्या लोकांना दगडावर नाव दिसलं की माणूस गेलाच. रिकामी जागा कोण वाचतो?

हिचा चेहरा मी तेवढा पडलेला कधी बघितला नव्हता. ती खाली वाकली आणि म्हातारीचा झेंडा उपटायला लागली. म्हातारी म्हणाली, राहू दे, राहू दे, छान दिसतो. हिनं मान हलवली. "जित्या माणसाला नाय लावत." काठी उपटली, टोकाची माती पदरानं पुसली, आणि झेंडा म्हातारीच्या हातात दिला. "हातात धरा. जमिनीत मग बघू." मी हे हिंदीत सांगितलं तर म्हातारी परत हसली आणि मग रडली. कबरीच्या कट्ट्यावर बसली, हिला शेजारी बसवलं. नवरा डोंगरात असताना ती इथं छावणीतल्या घरात होती. दीड वर्ष. खिडक्यांना काळी घोंगडी लावायची, आतला दिवा बाहेर दिसू नये म्हणून. रात्रभर अंधारात बसायची, ट्रकचा आवाज ऐकत. ट्रक दिसायचा नाही, फक्त आवाज. आवाज आपल्या दारापाशी थांबला तर काय समजायचं आणि पुढं गेला तर काय समजायचं, हे तिनं हातवारे करून सांगितलं.

ही ऐकत होती. अर्धं तिला कळलंही नसेल. पण परत येताना गाडीत माझ्याकडं न बघता म्हणाली, "बायका कुठं लढायला गेल्या होत्या, असं कोण म्हणालं होतं?"

मी गाडी चालवत राहिलो.

म्हातारीनं झेंडा बरोबर नेला. त्या दगडावरची जागा अजून रिकामीच आहे. तिचं नक्की कळेपर्यंत तिथं एकच झेंडा.

आता शेवटच्या दिवसाकडं येतो.

चारला ती उठली नाही हे सांगितलं. शेजारच्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलात डॉक्टरनं बघितलं आणि मला बाजूच्या खुर्चीत बसवलं. झोपेतच गेली, हृदय बंद पडलं, त्रास झाला नाही, असं म्हणाला. मग कागद सुरू झाले. पासपोर्ट द्या, रहिवासाचं कार्ड द्या, इथं सही, तिथं सही. मुलीला फोन लावला, ती फोनवर ओरडली आणि मग आवाजच बंद. अर्बाब आला. त्यानं माझा खांदा धरला, तिला बघून आला, दहा मिनिटं बसला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, उठला, आणि काही न बोलता लंगडत निघून गेला. परत आला नाही. मी मनात म्हटलं, अर्बाब तो शेवटी अर्बाबच. वीस वर्षं तिनं तुझ्या मशीनवर पाय मारले, तुला एक रात्र बसवत नाही. माझा व्हिसा त्यानंच साठीनंतर आपल्या नावावर चालू ठेवला होता, तेही मी त्या वेळी विसरलो. रागाला काही आठवत नाही.

रात्री चर्चमधल्या लोकांनी मला घरी आणलं. दोघं जण बाहेरच्या खोलीत झोपले. पहाटे मशिदीत बांग झाली आणि मी उठून बसलो. दारामागं रिकामी पिशवी टांगलेली होती, काठ्यांची. तेव्हा मला आठवलं.

झेंडे तिथंच होते. रात्रभर. अंधारात. इतक्या वर्षांत एकदा चुकलं नव्हतं, आणि चुकलं ते तिच्या पहिल्याच नसलेल्या रात्री, माझ्या हातून. चारला उठवा, काढायचेत, एवढंच तिनं शेवटचं सांगितलं होतं. मी कपडेही बदलले नाहीत. पिशवी घेतली, बाहेरच्या दोघांना उठवलं नाही, गाडी काढली. रस्ताभर मनात तिची माफी मागत होतो असं नाही. भांडत होतो. चार वाजता मरायची काय घाई होती, पाचला मरायचं.

पोचलो तेव्हा समुद्राकडून नुकतं फटफटत होतं. फाटक उघडं होतं. आत, कबरींच्या ओळींच्या तोंडाशी, अर्बाबची जुनी पिकअप उभी होती. ती रस्त्यावर उभी नव्हती. आत आणून, तिरकी करून लावली होती, तोंड कबरींकडं. अर्बाब पुढच्या सीटवर होता, दार उघडं, दुखरा पाय बाहेर सोडलेला, डोक्याला बांधायचा मसर गळ्याभोवती गुंडाळलेला. थंडी होती. त्याच्या हातात एक टॉर्च होता आणि तो टॉर्च चालू होता, पण उजाडल्यामुळं त्याचा उजेड दिसत नव्हता.

राखणदार त्याच्याजवळ वाळूत बसला होता. तो उठला आणि म्हणाला, "रात भर बत्ती जलाया. हम बोला हम निकाल देता. बोला नहीं."

मी अर्बाबकडं बघितलं. तो म्हणाला, "मैं नहीं लगाया. तुम लगाया, मास्टर लगाया. मैं कैसे निकालेगा?" मग म्हणाला, "बत्ती रखा. तीन बजे गाडी का बत्ती गया. बॅटरी खलास. बाद में ये," आणि टॉर्च दाखवला.

 मी पिशवी घेऊन पहिल्या ओळीला गेलो. चष्मेवाला, वाकडा, बँडवाला. काठी उपटायची, टोक पुसायचं, कापड जमिनीला लागू न देता गुंडाळायचं. ती हिरवा रंग आत घालून गुंडाळायची, तसं मला जमत नव्हतं, हिरवा आत जात नव्हता. एकोणीस झाले. अर्बाब गाडीला धरून उभा होता, उजवा हात छातीवर. भिंतीकडच्या शेवटच्या ओळीपाशी गेलो तेव्हा मागं वळून बघितलं. वाळूत पिकअपच्या चाकांच्या खुणा होत्या. तीनतीनदा पुढंमागं करून त्यानं गाडी लावली होती. गाडीचं तोंड जसं होतं, तसा उजेड सगळ्या एकोणीस काठ्यांवरून जाऊन भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत पोचला असणार. तिथं झेंडा नसतो. तिथं आमचा मुलगा आहे.

मी पिशवी माझ्या गाडीत ठेवली. मागून जम्पर केबल काढली. माझी गाडी त्याच्या पिकअपसमोर आणून उभी केली, दोन्ही बॉनेट उघडली. त्याच्या बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी आली होती, ती रुमालानं पुसली. लाल लावली, काळी लावली. अर्बाबला म्हटलं, मारा स्टार्टर. एकदा कुंथली, दुसऱ्यांदा कुंथली, तिसऱ्यांदा चालू झाली.

दिव्यांचं बटण त्यानं बंद केलंच नव्हतं. गाडी चालू झाली तसे दोन्ही दिवे लागले, भर उजेडात, झेंडे काढलेल्या कबरींवर. मी त्याच्या अंगावरून आत हात घातला आणि ते बंद केले.